अंजलीचा लोखंडी खुळखुळा

चतुराबाई आणि त्यांची सून अंजली मोरीच्या उंबऱ्यात पडल्या, तेव्हा आमच्या गल्लीत पाणी आलं होतं. दापोडीत पाणी आलं की घराघरातल्या मोटारी अशा ओरडतात की शेजारचं घर पडलं तरी हंडा भरल्यावरच कळावं. मी बादली घेऊन त्यांच्या दारावरून चालले होते, तर आतून म्हातारीचा आवाज आला.

"अक्के, आत ये. आमी दोघी निजलोय हितं."

आत जाऊन बघते तर सून भिंतीला टेकलेली, चेहरा पांढराफटक, आणि सासू तिच्या मांडीवर आडवी. चतुराबाईंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला वर्ष होत आलं होतं. डावा हात लोंबता, डावा पाय ओढत न्यावा लागायचा. रोज सकाळी अंजली त्यांच्या काखेत हात घालून त्यांना खाटेवरून उचलायची, मोरीपर्यंत न्यायची, अंघोळ घालून खुर्चीत बसवायची आणि मग धावत जाऊन महाळुंग्याच्या कंपनीची बस पकडायची. त्या दिवशी उचलताना तिच्या कमरेत कट् झालं आणि दोघी खाली आल्या.

"लागलं का कुठं?" मी विचारलं.

"मला न्हाई लागलं. मी गादीवर पडले," असं म्हणून म्हातारीनं उजव्या हातानं सुनेच्या मांडीवर थाप मारली. "गादीलाच इचार."

अंजली हसायला गेली आणि कळ येऊन तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आम्ही चार बायकांनी म्हातारीला चादरीत घालून खाटेवर ठेवलं. मग अंजलीला उठवायला निघालो तर ती म्हणाली, "मला हात लावू नका, मी रांगत येते."

त्या रविवारी थोरला मुलगा भिमाजी सांगवीहून आला. चांगला माणूस, कंपनीत सुपरवायझर. पण घरातही सुपरवायझरच. खुर्ची ओढून बसला आणि मोबाइलवर फोटो दाखवायला लागला. तळेगावच्या पुढं एक केअर सेंटर. पांढऱ्या चादरी, बाग, बाकड्यावर बसलेली म्हातारी माणसं.

"आईला इथं ठेवू. नर्स आहे, डॉक्टर आहे. अंजली, तुझी पाठ गेली तर नोकरी गेली. आणि धम्माची पाठ तर आधीच गेली आहे."

धम्मरत्न म्हणजे अंजलीचा नवरा, बसवर ड्रायव्हर. तो मान खाली घालून म्हणाला, "माझ्याकडं बघू नका. मला स्वतःला सीटवरून उतरायला कंडक्टर लागतो."

"दादा, आत्याबाई कुठंही जाणार नाहीत," अंजली म्हणाली. कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून, उभ्यानंच म्हणाली. बसता येत नव्हतं तिला.

"भावनेनं बोलू नको."

"तितं माझ्याशी भांडायला कोन हाय?" चतुराबाई खाटेवरून म्हणाल्या. "त्या बागंतल्या म्हाताऱ्या बग, एकीच्या तोंडावर भांडान न्हाई."

मला राहवेना. "भिमाजी, तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ना?"

"अक्का, तुमचा मोर्चा माझ्याकडं वळवू नका. माझ्या बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. ती कोणाला उचलणार?"

ते खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायचं मला औषध घेतल्यासारखं वाटतं, पण बसले. शेवटी ठरलं ते असं: थंडीचे दिवस होते, उन्हाळ्यातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत वाट बघायची. तोवर सकाळ-संध्याकाळ आम्ही बायका येऊन म्हातारीला उठवू. पौर्णिमेला भिमाजी गाडी घेऊन येणार. अंजलीनं एकटीनं, न पडता, सासूला उभं केलं तर आई दापोडीत राहील. नाही जमलं तर गाडी तळेगावच्या दिशेनं जाईल.

आता तुम्ही म्हणाल, ही सून एवढी हट्टाला का पेटली? नोकरी करून घरी आल्यावर अर्धांगवायूची म्हातारी सांभाळायची हौस कुणाला असते? तर ऐका. या पट्ट्यात कंपन्यांच्या इमारती उठत होत्या तेव्हा चतुराबाईंनी डोक्यावर घमेली वाहिली. इमारत उभी राहिली की रखवालदार बायकांना गेटच्या बाहेर काढायचा, परत आत पाय ठेवायला नाही. अंजली लग्न होऊन आली ती दहावी पास. पोरगी वर्षाची झाली आणि कंपनीत जागा निघाली, तेव्हा सगळी भावकी म्हणाली, लेकुरवाळी बाई शिफ्टला कशी जाईल? चतुराबाईंनी नातीला कडेवर घेतलं आणि सुनेला सांगितलं, "तू गेटातनं आत जा. हिचं मी बघते." त्या नातीचं, मिनलचं, आता नाशकात लग्न झालंय. आणि अंजली वायर हार्नेसच्या, म्हणजे गाड्यांतल्या वायरींच्या जुडग्यांच्या, लाइनवर क्वालिटी बघते. तिनं पास म्हटल्याशिवाय माल पुढं सरकत नाही. अशा बाईला तुम्ही म्हणता भावनेनं बोलू नको!

कंबर दाखवायला मी अंजलीला दवाखान्यात घेऊन गेले. तिथं फिजिओथेरपीला करिष्मा मॅडम होत्या, तिशीच्या, बोलायला फटकळ. मला पहिल्या वाक्यात आवडल्या.

"तुमचे स्नायू धरलेत, बाकी काही मोडलेलं नाही," त्या अंजलीला म्हणाल्या. "पण मला सांगा, तुम्ही पाठीला क्रेन समजता का? सगळं पाठीनं उचलायचं, आणि एवढे मोठे पाय, एवढे मोठे कुल्ले, ते काय करतात? नुसते बघत बसतात."

"मॅडम, मी शेहेचाळीसची आहे. आता व्यायाम करायचं वय आहे का?"

"आत्ताच आहे. अजून थांबलात तर तुम्हालाच कुणीतरी उचलायला लागेल."

मग त्यांनी कोपऱ्यातून एक लोखंडी गोळा आणला. वर जाड कडी, दिसायला तोटी नसलेल्या किटलीसारखा. त्याला केटलबेल म्हणतात असं त्यांनी सांगितलं. अंजली म्हणाली, "अहो, हे तर भंगारवाल्याचं माप!"

मॅडमनी शिकवलं. आधी नुसतं जमिनीवरून उचलायचं आणि ठेवायचं. ते नीट आलं की पायांच्या मधून मागं न्यायचं आणि कुल्ल्यांचा झटका देऊन छातीपर्यंत झुलवायचं. हातांनी ओढायचं नाही. झुलताना श्वास जोरात सोडायचा.

"कुल्ले मागं म्हणजे कसे?" अंजलीला कळेना.

"दोन्ही हातांत भांडी असली की दार कसं लावता?"

"ढुंगणानं."

"तसंच. पाठ सरळ ठेवून दार लावायचं. आणि मी सांगेपर्यंत सासूबाईंना उचलायचं नाही."

दार लावायचं म्हटल्याबरोबर अंजलीला जमलं. दवाखान्यात रांगेत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी एकीला विचारलं, "तुझ्या घरचं दार कोण लावतं गं?" मग शांत झाल्या.

आता तो गोळा घरी हवा. दुकानात मिळतो, ऑनलाइनही येतो. पण भोसरी-चाकणच्या पट्ट्यात राहून लोखंडाची वस्तू विकत आणायची म्हणजे सुताराच्या घरी पाट विकत आणण्यासारखं. आमच्याकडं शेगडीपासून पाळण्यापर्यंत सगळं कुणीतरी कुठंतरी वेल्डिंग करून देतं. गल्लीच्या तोंडाशी रंगरावचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. लातूरकडचा माणूस, ग्रील आणि जिने बनवतो. अंजलीनं त्याला मोबाइलवर फोटो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर चढवून तो फोटो उलटा-सुलटा करून बघितला.

"वहिनी, सोपं हाय हे. पण यांचं डिझाइन चुकायलंय."

"काय चुकलंय?"

"दांडी फिक्स ठेवलीय. झुलवताना हात सोलून निघंल की. मी दांडीला बेरिंग टाकून देतो. हात जागेवर, वजन मोकळं. मख्खन!"

आणि दिलीसुद्धा. जाड पाइपाचा तुकडा, दोन्ही तोंडांना पत्र्याची चकती वेल्ड केलेली, आत प्रेस शॉपमध्ये पत्र्याला भोकं पाडताना पडणारे लोखंडाचे तुकडे भरून वजन आठ किलो. वर दांडी, दांडीला बेरिंग, आणि सगळ्यावर निळा रंग. आत तुकडे पुरते दाबून बसले नव्हते, त्यामुळं उचललं की खुळखुळ वाजायचं. पण दिसायला काय देखणं! रंगराव स्वतः खांद्यावर घेऊन आला आणि खाटेजवळ ठेवून बाजूला उभा राहिला.

अंजलीनं पाठ सरळ केली, दार लावलं, वजन मागं नेलं आणि झटका दिला. गोळा छातीपर्यंत आला. हात थांबले, पण बेरिंग होती ना, गोळा कुठला थांबतोय! तो दांडीभोवती गर्रकन फिरला आणि तिच्या मनगटावर येऊन आदळला. अंजलीची किंकाळी, गोळा खाली, फरशीला तडा.

चतुराबाई अंगावरून वारं गेल्यापासून एवढ्या कधी हसल्या नव्हत्या. अर्धंच तोंड हसत होतं, पण पूर्ण खाट हलत होती. "रंग्या, मुडद्या, तू तिला पाळना करून दिलास रं!"

मी मात्र तापले. "अहो रंगराव, जगात कुणी त्या दांडीला बेरिंग टाकली नाही ते काय सगळे खुळे म्हणून?"

"अक्का, मी सुधारणा करायला गेलो."

"सुधारणा आधी स्वतःच्या मनगटावर करून बघायची!"

बिचाऱ्यानं मान खाली घालून गोळा परत नेला आणि बेरिंगला वेल्डिंगचे दोन टाके मारून दांडी कायमची जाम केली. टाके मारताना पुटपुटत होता, "चांगली बेरिंग वाया गेली." मग म्हणाला, खुळखुळ वाजतंय तर आत सिमेंट ओतू का? अंजली लगेच हो म्हणाली. गल्लीतल्या पोरांनी एव्हाना 'अंजलीकाकूचा खुळखुळा' म्हणायला सुरुवात केली होती. पण घरातून म्हातारीनं आवाज दिला, "वाजू दे त्याला. मला पडल्या पडल्या करमतं."

म्हणून तो वाजताच राहिला.

मनगटाची सूज उतरली आणि रोज पाणी भरून झालं की खुळखुळा सुरू. मधली लाकडी खुर्ची बाहेर ठेवायची, खाट आणि मोरीच्या मधल्या जागेत अंजली उभी राहायची. आमची गल्ली म्हणजे आरपार दिसणारी. टपरीवरचा एक टग्या रोज विचारायचा, "वहिनी, कुस्ती कधी?" मी एक दिवस त्याला गाठलं. "तुझं पोट तुझ्याआधी घरात शिरतं, ते आधी आत घे. मग कुस्तीचं बघू." त्यानंतर तो मला बघितलं की चहा अर्धा सोडून निघून जायचा.

मला या बोलण्याचा राग का येतो ते सांगते. बाईनं आयुष्यभर हंडे, पोरं, सिलिंडर, कंपनीतले क्रेट उचलले तर कुणी विचारत नाही. तीच बाई स्वतःसाठी आठ किलो उचलायला लागली की सगळ्या गल्लीला तिच्या वयाची आठवण होते.

अंजलीनं एक गाढवपणा केला तोही सांगायला हवा. लाइनवर काम करणारं माणूस. तासाला किती पीस हे तिच्या रक्तात. तिनं व्यायामालाही टार्गेट लावलं. रोजचं टार्गेट रोज वाढवत नेलं, आणि सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम म्हणून दुप्पट केलं. दुसऱ्या दिवशी कुशीवर वळता येईना. करिष्मा मॅडम म्हणाल्या, "बाई, इथं इन्सेंटिव्ह नाही मिळत. कमी करा, पण बिनचूक करा. आणि मधे एक दिवस शरीराला सुट्टी."

बिनचूक म्हणजे काय हे तिला शिकवलं ते त्या खुळखुळ्यानं, आणि त्याहून जास्त म्हातारीनं. हातांनी ओढलं, घाई केली, पाठ वाकली की आतले तुकडे कसेही आपटायचे आणि खडखडाट व्हायचा. झटका नेमका कुल्ल्यांतून आला की सगळे तुकडे एकदम एका बाजूला जायचे आणि एकच आवाज यायचा: खळ्ळ. डोळे मिटून पडलेल्या चतुराबाईंना हे सगळ्यांच्या आधी कळलं. त्या खाटेवरून निकाल द्यायला लागल्या.

खडखड.

"रिजेक्ट."

"आत्याबाई, क्वालिटीत मी आहे का तुम्ही?"

"तू कंपनीत. घरात मी. परत कर."

खळ्ळ.

"हां. हा माल जाऊ दे."

थंडी गेली, उन्हाळा लागला. अंजलीचे खांदे मागं गेले, चाल बदलली. बसच्या पायऱ्या ती दांडी न धरता चढायला लागली. तिनं रंगरावकडून बारा किलोचा दुसरा बनवून घेतला, तोही मुद्दाम वाजणारा. या वेळी त्यानं बेरिंगचं नाव काढलं नाही. सासूला उचलायला मॅडमनी हिरवा कंदील दाखवला आणि धम्मरत्ननं जाड कापडाचा पट्टा शिवून आणला: म्हातारीच्या कमरेला बांधायचा, दोन्ही बाजूंना धरायला कड्या.

पहिल्याच प्रयत्नाला सगळं फिसकटलं. मी तिथंच होते. अंजलीनं म्हातारीला खाटेच्या कडेला बसवलं, पट्टा धरला, कुल्ले मागं नेले आणि अशी ताकद लावली की म्हातारी अक्षरशः हवेत आली. पण घाबरून त्यांनी अंग ताठ केलं, उजव्या हातानं सुनेची मान आवळली आणि ओरडल्या, "पोतं हाय का मी? ठेव! ठेव खाली!" दोघी खाटेवर कोसळल्या. खाटेवरच, नशीब.

अंजली चिडली. "मी पडू देईन का तुम्हाला?"

"तू पडशील!" म्हातारीचा आवाज चिरकला. "तुझी कंबर मोडून मला हितं ऱ्हायाचं न्हाई. भिमाला फोन लाव. नेऊ दे मला त्या बागंत."

इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं होतं.  मला बोलायचं होतं, पण कुणावर चिडावं तेच समजेना.

 अंजलीनं बारा किलोचा गोळा उचलला आणि सासूच्या समोर, त्यांच्याकडं रोखून बघत, झुलवायला लागली. रागानं करत होती, पण बिनचूक. खळ्ळ. खळ्ळ. खळ्ळ. प्रत्येक झटक्याला तोंडातून हुश्श करून श्वास. म्हातारी खाटेच्या कडेला तशीच बसलेली, तोंड भिंतीकडं फिरवून.

मग मी खाली बघितलं. अंजलीनंही त्याच वेळी बघितलं, कारण तिनं गोळा एकदम खाली ठेवला.

"आत्याबाई, पाय काय करतोय?"

"कुनाचा?"

"तुमचा. उजवा."

म्हातारीचा चांगला पाय प्रत्येक खळ्ळला फरशीवर दाब देत होता. नुसता दाब नाही. टाच रोवून, मांडी घट्ट करून. इतके महिने रोज सकाळी ऐकून ऐकून त्या अंगाला झटका कधी द्यायचा ते पाठ झालं होतं, आणि त्या बाईला स्वतःला पत्ता नव्हता.

"मला काय ठाऊक? त्यो आपला आपला करतोय," चतुराबाई पायाकडं परक्याच्या पोराकडं बघावं तसं बघत म्हणाल्या.

अंजली त्यांच्यासमोर वाकली, वाकली म्हणजे दार लावलं, आणि पट्ट्याच्या कड्या धरल्या. "आता मी तुम्हाला उचलणार नाही. तुम्ही उठायचं. मी फक्त झुलवते. आवाज तुम्ही काढायचा."

"कसला आवाज?"

"खुळखुळ्याचा."

"खुळी झालीस का?"

"काढा."

अंजली मागं झाली, पुढं झाली, परत मागं झाली. म्हातारीचं अंगही तिच्याबरोबर मागं-पुढं झुलायला लागलं. तिसऱ्या झोक्याला चतुराबाईंनी दात-ओठ खाऊन आरोळी दिली, "खळ्ळ!" आणि टाच रोवली.

उभ्या!

माझ्या हातातला तांब्या पडला. वर्षाच्या वर झालं, ती बाई कुणाच्या तरी काखेतल्या हातांवर लोंबल्याशिवाय उभी राहिली नव्हती. डावा गुडघा थरथरत होता, अंजलीनं तो आपल्या गुडघ्यानं अडवून धरला होता. पण वजन उजव्या पायावर होतं, आणि तो पाय चतुराबाईंचा होता.

"सोडू नगंस," त्या म्हणाल्या. आणि मग जरा वेळानं, "केवडी उंच झालीस गं तू." खाटेवरून बघायची सवय लागली होती ना, सुनेचं तोंड समोरासमोर विसरल्या होत्या.

"भिमाजीला आत्ता फोन करते," मी म्हणाले.

"अक्का, तोंड आवरा," दोघी एकदम म्हणाल्या.

बुद्धपौर्णिमेला सकाळीच भिमाजीची गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली. तो पांढरा सदरा घालून आला, हातात नवी कोरी बॅग. आईचे कपडे भरायला आणलेली. धम्मरत्न ड्युटीवर होता. सणाला बस थोडीच बंद असते. चतुराबाई पांढरं लुगडं नेसून, पट्टा बांधून, खाटेच्या कडेला तयार. खाटेला लागून विहारात न्यायला आणलेली चाकाची खुर्ची.

"आई, आधी विहारात जाऊ, तिथून पुढं निघू. त्यांनी दुपारपर्यंत यायला सांगितलंय," भिमाजी म्हणाला.

"कुनी?"

"सेंटरवाल्यांनी."

"दादा, आपलं काय ठरलं होतं?" अंजलीनं विचारलं.

"अंजली, तू प्रयत्न केलास, मला कौतुक आहे. पण आज सणाच्या दिवशी पडापडी नको. सरक, मीच बसवतो खुर्चीत."

मी पुढं होणार होते. अंजलीनं हात आडवा घालून मला थांबवलं आणि ती बाजूला सरकली. भिमाजी वाकला, आईच्या काखेत हात घातले, पाठीची कमान केली आणि जोर लावला. म्हातारी तसूभर हलली नाही. त्यानं परत जोर लावला आणि मग "आई गं" म्हणून तसाच वाकलेला राहिला, एक हात कमरेवर.

"बस, भिमा," चतुराबाई शेजारी थाप मारून म्हणाल्या. "खाटंवर जागा हाय."

तो बसला. दुसरं काय करणार! दाराशी रंगराव होता, गल्लीतल्या बाया होत्या, टपरीवरचा टग्यासुद्धा होता. अंजली समोर आली. पाय रोवले. कुल्ले मागं, पाठ फळीसारखी सरळ. पट्ट्याच्या कड्या धरल्या.

"आत्याबाई?"

"हां."

दोघी मागं झाल्या, पुढं झाल्या, मागं झाल्या.

"खळ्ळ!"

चतुराबाई उभ्या राहिल्या. एका झटक्यात, न अडखळता. अंजलीच्या चेहऱ्यावर साधी शीरही ताणली नाही. दोघींनी जागच्या जागी पावलं टाकत गिरकी घेतली आणि म्हातारी हळूच, राणीसारखी, खुर्चीत बसली. बायांनी टाळ्या वाजवल्या. रंगराव ओरडला, "वहिनी, एक नंबर!"

 भिमाजी बॅग खाटेवर ठेवून आमच्या मागोमाग निघाला, कमरेवर हात ठेवून.

विहारात गर्दी होती. वंदनेला सगळे उभे राहिले तेव्हा एक कार्यकर्ता चतुराबाईंच्या कानाशी येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही बसूनच म्हणा." म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुनेकडं बघितलं. इतक्या गर्दीत, हळू आवाजात, फक्त आम्हाला ऐकू जाईल असं "खळ्ळ" झालं आणि चतुराबाई उभ्या राहिल्या. भिमाजी घाईघाईनं दुसऱ्या बाजूला आला आणि हात पुढं केला.

"धरू नगं," त्या म्हणाल्या. "फकस्त जवळ थांब."

त्रिशरण झालं, पंचशील झालं. म्हातारीचा उजवा हात छातीशी, डावा अंजलीनं त्याला जोडून धरलेला. आवाज थरथरत होता, पण प्रत्येक ओळ पुरी म्हटली. भिमाजी समोर बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्याची आई आपल्या पायावर एवढा वेळ उभी असलेली बघून त्याला किती दिवस झाले होते, ते त्यालाच माहीत.

वंदना संपून सगळे खाली बसल्यावर तो पटांगणात गेला, मोबाइल काढला. आम्ही खुर्ची ढकलत त्याच्या मागंच होतो.

"हां, नमस्कार. त्या खोलीचं... नाही, नको. आई येणार नाही. घरीच राहील. हो, कायमची."

"भिमा," चतुराबाईंनी खुर्चीतून हाक मारली, "मोठ्यानं बोल की. मागच्या बायांना ऐकू आलं न्हाई."

भिमाजीनं एकदा आईकडं बघितलं, एकदा अंजलीकडं, आणि मग पटांगणभर ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर म्हणाला, "आई दापोडीलाच राहणार!"